प्रोग्रेसिव्ह मिक्समध्ये ‘काहीच घडत नाही’ तेव्हा काय घडत असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोग्रेसिव्ह हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचे दोन-तीन मिक्स (डीजेने एकमेकांत मिसळून सलग वाजवलेले ट्रॅक) ऐकले, सगळे ट्रॅक सारखेच वाटले, चार-चार मिनिटं काही घडतच नाही. तरी लोक तीन-तीन तासांचे सेट एवढ्या भक्तिभावाने का ऐकतात? चांगला मिक्स ओळखायचा कसा? आणि बीट जुळवायचं काम आता मशीनच करत असेल, तर डीजे तिथे उभा राहून करतो काय?

मी बरीच वर्षं हेच संगीत वाजवतो, आणि वाजवायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकतो. त्यामुळे उत्तर लांबेल आणि त्यात माझी मतंही येतील. काही मतं एकांगी वाटली तर वाटू देत.

आधी एक शंका. तुम्ही ऐकलंत ते नक्की कोणतं प्रोग्रेसिव्ह? हा प्रश्न उगाच फाटे फोडायला विचारत नाही. २०१० च्या आसपास मोठ्या महोत्सवांच्या स्टेजवर वाजणाऱ्या, मिनिटाभरात गाणं चढवून धाडकन ड्रॉप (ठेका पूर्ण जोराने कोसळतो ती जागा) देणाऱ्या संगीतालाही सर्रास ‘प्रोग्रेसिव्ह हाऊस’ म्हणू लागले. ट्रॅक विकणाऱ्या साइट्सवर त्या नावाखाली वर्षानुवर्षं तेच भरलेलं होतं. त्यामुळे आजही हे नाव टाकून शोधलंत तर दोन अगदी वेगळ्या जगांतलं संगीत एकत्र समोर येतं. एकात साडेतीन मिनिटांत सगळं आटोपतं. दुसऱ्यात साडेतीन मिनिटांनी बेसलाइन (खालच्या सुरांची फिरती ओळ) नुकती स्थिरावलेली असते. तुमची तक्रार ‘काही घडत नाही’ अशी आहे म्हणजे तुमच्या हाती दुसरं लागलेलं दिसतं. बरंच झालं. मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

हे नाव रूढ झालं १९९२ मध्ये. ब्रिटनच्या ‘मिक्समॅग’ मासिकात डॉम फिलिप्स यांनी ते वापरलं. (हेच फिलिप्स पुढे ब्राझीलमध्ये राहून पर्यावरणावर लिहिणारे पत्रकार झाले, आणि २०२२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात त्यांची हत्या झाली. या संगीताचे चाहते रोज ज्या नावाने भांडतात ते देणाऱ्या माणसाबद्दल त्यांना सहसा काहीच माहीत नसतं.) त्या काळी ब्रिटनमधलं रेव्ह (रात्रभराच्या नाच-मेळाव्यांचं) संगीत दिवसेंदिवस वेगवान आणि कर्कश होत चाललं होतं. दुसरीकडे इटलीकडून येणाऱ्या पियानोच्या ठोकळेबाज हाऊसचा लोकांना कंटाळा आला होता. या दोन्हींपासून फटकून राहणारे काही निर्माते डबची (रेगेतून आलेल्या संगीताची) खोल बेस, ट्रान्सच्या लांब सुरावटी आणि हाऊसचा संथ, ठाम ठेका एकत्र करू लागले. लेफ्टफील्ड, स्पूकी, आणि लंडनच्या गुरिला रेकॉर्ड्सभोवती जमलेली मंडळी. ट्रॅक सात-आठ मिनिटांचे, कधी त्याहून मोठे.

याच सुमारास मॅन्सफील्डसारख्या मध्यम आकाराच्या गावात, व्हेन्यू ४४ नावाच्या जागी, रेनेसाँ हा क्लब सुरू झाला, तोही १९९२ मध्येच. तिथले दोन डीजे, साशा आणि जॉन डिगवीड, यांनी १९९४ मध्ये ‘रेनेसाँ: द मिक्स कलेक्शन’ हा तीन सीडींचा संच केला. तोवर डीजेंचे मिक्स बहुतांशी हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर मिळायचे, बेकायदाच. या संचाने रीतसर हक्क घेऊन, देखण्या वेष्टनात, मिक्स हा अल्बमच्या तोडीचा मानला. माझ्या मते या प्रकाराचा खरा जन्म तिथला. कारण त्या क्षणापासून श्रोत्याच्या हाती सुटं गाणं यायचं थांबलं. सत्तर-बहात्तर मिनिटांचा एक सलग तुकडा यायला लागला, आणि कोणता ट्रॅक कुठे संपला हे कळणारही नाही अशी त्याची घडण होती.

तुमच्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. तुम्ही ट्रॅक ऐकताय. हे ट्रॅक मात्र दुसऱ्या ट्रॅकशी जोडले जावेत म्हणून बनलेले असतात.

जरा आकड्यांत बोलू. १२४ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांच्या, ट्रॅकमध्ये चार किकचा (किक म्हणजे ढोलाचा मुख्य ठोका) एक बार साधारण १.९४ सेकंदांचा. सोळा बार म्हणजे एकतीस सेकंद, बत्तीस बार म्हणजे एक मिनिटाहून किंचित जास्त. जवळजवळ सगळं क्लब संगीत याच आठ, सोळा, बत्तीसच्या हिशेबात बांधलेलं असतं. प्रोग्रेसिव्ह ट्रॅक सुरू होतो तो नुसत्या किकवर आणि एखाद्या खुळखुळ्यासारख्या आवाजावर. सोळा बारनंतर हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) येते. पुढच्या सोळाला बेसलाइनची सावली, तीही फिल्टरमागे दबलेली. मग एखादा पॅड (मागे लांब तरंगणारा सूर). शेवटी हेच सगळं उलट क्रमाने उतरत जातं. दोन्ही टोकांना मिनिट-दीड मिनिटाची जी ‘रिकामी’ जागा दिसते ती डीजेसाठी मुद्दाम सोडलेली असते. तिथे दुसरा ट्रॅक बसायचा असतो. सुटा ट्रॅक सुटाच ऐकला तर ही जागा कंटाळवाणी वाटणारच. त्यात तुमचं काही चुकत नाही.

मधल्या भागात मात्र ‘काही घडत नाही’ हे मला मान्य नाही. तिथे फार काही घडत असतं, फक्त ते पुढ्यात येऊन सांगत नाही. दोन बारची एकच बेसलाइन तुम्ही शंभरदा ऐकता, पण पहिल्यांदा तिचे वरचे स्वर फिल्टरने झाकलेले असतात आणि पुढच्या दोन मिनिटांत ते झाकण इतक्या हळूहळू उघडतं की उघडल्याचं कळत नाही. शेवटी आवाज अंगावर आलेला असतो आणि तो कधी आला हे सांगता येत नाही. क्लॅपच्या मागची घुमार थोडी लांबते. एखादा आर्पेजिओ (एकामागून एक वाजणाऱ्या सुरांची माळ) डाव्या कानाकडून मध्यावर सरकतो. गाण्यांची सवय असलेला कान मुखड्याची वाट बघत बसतो आणि हे सगळं त्याच्या नजरेआडून निघून जातं. एक प्रयोग करा: कोणताही एक बारीक आवाज निवडा, उघडी हाय-हॅट म्हणा, आणि पाच मिनिटं फक्त तिचाच माग काढा. ती कुठे येते, कुठे गायब होते, कधी तिच्या शेपटीला जास्त घुमार लागते. पाच मिनिटांनी ‘सगळं सारखं’ हे वाक्य तुमच्याच तोंडून निघणार नाही.

आणि हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. किकचा आणि बेसचा मुख्य भाग चाळीस ते शंभर हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. फोनचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. म्हणजे ज्याच्यावर बाकीचा डोलारा उभा आहे तोच भाग तुम्ही ऐकलेला नाही. बरा हेडफोन, मध्यम आवाज, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे जोडणीकडे. इतर बऱ्याच प्रकारांत एक ट्रॅक संपवून दुसरा सुरू करायचा हे काम अर्ध्या मिनिटात उरकतं. प्रोग्रेसिव्हमध्ये दोन ट्रॅक एकमेकांवर दोन-दोन, तीन-तीन मिनिटं चालतात. चांगल्या सेटचा निम्मा वेळ श्रोता एकाच वेळी दोन ट्रॅक ऐकत असतो, कधी तीन. या काळात जे ऐकू येतं ते दोन्ही निर्मात्यांपैकी कुणीही बनवलेलं नसतं. एकाची बेसलाइन, दुसऱ्याचा पॅड, पहिल्याची हाय-हॅट आणि दुसऱ्याच्या आवाजाचा एखादा तुकडा मिळून एक तिसरंच संगीत तयार होतं. ते त्या रात्रीपुरतं, त्या दोन मिनिटांपुरतं असतं. मी या प्रकाराच्या नादी लागलो तो याच तिसऱ्या ट्रॅकसाठी. मला कुणी आवडते ट्रॅक विचारले तर अडखळायला होतं. आवडत्या जोडण्या मात्र रांगेने सांगता येतात.

हे जमवायचं कसं, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण ऐकणाऱ्यालाही ते माहीत असलं की कान वेगळा चालतो. दोन बेसलाइन एकत्र वाजवल्या की खालच्या पट्ट्यात नुसता गाळ होतो. म्हणून येणाऱ्या ट्रॅकची बेस आधी पूर्ण कापलेली असते. त्याचे फक्त वरचे आवाज हळूच आत सोडायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, चालू ट्रॅकमध्येच काहीतरी नवं आलं. मग फ्रेजच्या नेमक्या टोकावर, बत्तीसावा बार संपून नवा सुरू होतो तिथे, एकाची बेस काढायची आणि दुसऱ्याची द्यायची. जुन्याचे वरचे आवाज अजून चालूच असतात. नाचणाऱ्याच्या कानाला तोच ट्रॅक चालू आहे असं वाटतं, पायांना मात्र काहीतरी बदललंय हे कळलेलं असतं. ही बेसची अदलाबदल दोन बार इकडेतिकडे झाली तरी सगळा डाव फसतो.

याहून सुंदर युक्ती ब्रेकडाऊनची. चालू ट्रॅकमध्ये मध्यावर किक थांबते, फक्त सूर तरंगत राहतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की आता किक परत येणार. त्या तरंगत्या भागाखाली नवा ट्रॅक आवाज न करता मांडून ठेवायचा. किक परत येते, पण ती दुसऱ्याच ट्रॅकची असते. लोक ज्या क्षणाची वाट बघत होते तो त्यांना मिळतो आणि तरी तो त्यांनी अपेक्षिलेला नसतो. जॉन डिगवीड यात फार तरबेज. त्याच्या सेटमध्ये कित्येकदा जोडणी होऊन गेल्यावर मिनिटभराने माझ्या लक्षात येतं की आपण पुढच्या ट्रॅकमध्ये आहोत.

म्हणूनच या मंडळींमध्ये मिक्सरवर (ट्रॅक एकत्र करायच्या यंत्रावर) इतकी चर्चा चालते. ॲलन अँड हीथच्या झोन ९२ या चार चॅनेलच्या मिक्सरला प्रोग्रेसिव्हवाल्यांमध्ये जवळपास देवघरातलं स्थान आहे. इक्यूचे (वरचे-खालचे आवाज कमी-जास्त करायच्या सोयीचे) नेहमीचे तीन पट्टे असतात, त्यावर चार आहेत, आणि फिल्टर गोड आहे. लांब जोडणीत मधला पट्टा दोन भागांत हाताळता येणं ही चैन नाही, गरज आहे. बाकी उपकरणांबद्दल मी फारसं बोलणार नाही. लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात.

आता यंत्राचा मुद्दा. सिंकचं बटण दाबलं की दोन ट्रॅकचा वेग जुळतो, हे खरं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर वेगाचा काटा उणे आठ ते अधिक आठ टक्के एवढ्यात हलवून, कानाने अंदाज घेत, बोटाने तबकडी ढकलत हे काम करायला लागायचं आणि तीन मिनिटांची जोडणी असेल तर तीन मिनिटं डोळ्यात तेल घालून उभं राहावं लागायचं. त्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण ते कौशल्य म्हणजे डीजेपण, असं मला कधीच वाटलं नाही. खुद्द साशाने २००५ च्या ‘फुंदासियोन एनवायसी’साठी एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर आणि त्यासाठी खास बनवून घेतलेला कंट्रोलर वापरला. तेव्हा व्हायनिलवाल्यांनी (तबकड्याच वाजवणाऱ्यांनी) नाकं मुरडली. मोकळ्या झालेल्या हातांनी साशा काय करत होता हे ऐकायची तसदी मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी घेतली.

सिंकला वेग कळतो. आता कोणता ट्रॅक लावायचा, कोणता मुद्दाम आणखी अर्धा तास राखून ठेवायचा, समोरचे लोक दमलेत की नुकते तापलेत, हे त्याला कळत नाही. निवड आणि क्रम, यातच नव्वद टक्के काम आहे. आठवड्याला येणारे शेकडो नवे ट्रॅक ऐकून त्यातले चार ठेवायचे, आणि त्या चारांतला एक कुठल्या तासाला शोभेल हे ओळखायचं. ‘चांगला ट्रॅक’ असं सुटं काही माझ्या पेटीत नसतं. रात्री अकराचा चांगला ट्रॅक असतो, तीनचा असतो, आणि पहाटे पाचचा तर फार दुर्मीळ असतो.

इथे काही जण ख्याल गायकीची तुलना आणतात: विलंबितातून द्रुत, हळूहळू बढत वगैरे. मोह मलाही होतो, पण तुलना फार लांब जात नाही. गायक तिथल्या तिथे सूर निर्माण करतो. डीजेकडे तयार माल असतो, आणि त्याची सगळी प्रतिभा मांडणीत खर्च होते. दोन्हीकडे घाई करणारा उघडा पडतो, एवढं साम्य पुरे.

घाईवरून वॉर्म-अप आठवला. रात्रीचा पहिला डीजे म्हणजे दुय्यम डीजे अशी समजूत आहे. माझ्या हिशेबी कुणाची पारख करायची तर त्याला रिकाम्या हॉलमध्ये पहिले दोन तास द्यावेत. लोक येतायत, कोट ठेवतायत, एकमेकांना भेटतायत. अशा वेळी मोठा ट्रॅक लावून टाळ्या घेणं सोपं असतं आणि पुढच्या डीजेची रात्र बिघडवणंही तितकंच सोपं. एर्नान कात्तानेओ हा आज या प्रकारातला बहुधा सर्वांत प्रिय डीजे. तो घडला ब्युनोस आयर्सच्या क्लबमध्ये, बाहेरून येणाऱ्या मोठ्या नावांच्या आधी वाजवत. ब्रिटिश डीजे पॉल ओकेनफोल्डने त्याला तिथेच ऐकलं आणि पुढे आणलं. कात्तानेओचा सेट आजही वॉर्म-अपवाल्याचाच असतो: सुरुवातीला अंगाला स्पर्श न करणारा, आणि तिसऱ्या तासाला तुम्ही अशा जागी पोचलेले असता जिथे पहिल्या तासाला कुणी नेलं असतं तर पळून गेला असता.

वेगाचंही तसंच. चार-पाच तासांचा सेट ११८ बीपीएमला सुरू होऊन १२४-१२५ ला पोचू शकतो. दर ट्रॅकला पाव-अर्धा बीपीएम चढवला तर खोलीतल्या एकाच्याही ते लक्षात येत नाही, पण दोन तासांनी सगळे जास्त जोराने नाचत असतात. आणि कधीकधी मध्येच दोनने उतरवणं हे चढवण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरतं. हे मात्र करायला धीर लागतो.

स्वरमेळाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आजच्या मिक्समधलं सपाटपण मला इथूनच आलेलं दिसतं. दोन सुरेल ट्रॅक दोन मिनिटं एकत्र चालवायचे तर त्यांचे स्वर जुळायलाच हवेत, नाहीतर कान किटतो. जुन्या काळी हे सगळं कानावर चालायचं, त्यात तबकडीचा वेग बदलला की स्वरही सरकायचा. साधारण सहा टक्के वेग वाढवला की अख्खा अर्धा स्वर वर. नंतर वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणारी सोय आली, आणि ट्रॅकची पट्टी ओळखून तिला क्रमांक देणारी सॉफ्टवेअर आली. कॅमेलॉट चक्र त्यातलं सर्वांत रुळलेलं: बारा आकडे, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ए मायनर म्हणजे ८ए, सी मेजर म्हणजे ८बी. शेजारच्या आकड्यावर जा, काही बिघडत नाही.

बिघडत नाही, हीच तर अडचण. ८एवरून ९ए, पुन्हा ८ए, मग ७ए, असं करत तासभर एकाच खोलीत फेऱ्या मारणारे मिक्स आता ढिगाने ऐकू येतात. एकही जोडणी बेसूर नाही आणि एकही लक्षात राहत नाही. तुम्हाला ‘सगळं सारखं’ वाटलं त्यात या प्रकाराचाही वाटा असू शकतो. तसं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. जाणकार डीजे काय करतो? सूर नसलेला, नुसत्या तालाचा एखादा ट्रॅक मध्ये टाकतो, पाच-सहा मिनिटं कानाला जुनी पट्टी विसरू देतो, आणि मग भलत्याच ठिकाणी नवा सूर उघडतो. किंवा थेट अर्धा स्वर वर उडी मारतो, ८ए वरून ३ए, चक्रावर लांबची पण अंगाला झटका देणारी. तासाभरात अशी एक उडी पुरते. तीन मारल्या तर तो दिखावा होतो.

दुसरी तक्रार माझी स्वतःची: कॅमेरा. निसर्गरम्य जागी, एकटा डीजे, समोर प्रेक्षक नाहीत किंवा मोजकेच, वर ड्रोन फिरतोय, असे तासाभराचे व्हिडिओ आता या संगीताचा चेहरा झालेत. बघायला सुरेख असतात. पण दर सहा मिनिटांनी एक मोठा ब्रेकडाऊन, एक डोळे मिटायला लावणारी सुरावट, मग पुन्हा तेच. कॅमेऱ्याला शांत वीस मिनिटं चालत नाहीत. आणि प्रोग्रेसिव्हचा सगळा जीव त्या शांत वीस मिनिटांत आहे. ज्या सेटमध्ये प्रत्येक ट्रॅक शिखर असतो त्याला शिखरच नसतं. तासाची मर्यादाही मारक ठरते. एका तासात सुरुवात करायची, चढवायचं आणि उतरवायचं म्हणजे प्रत्येक टप्पा कापूनच वाढावा लागतो.

याउलट न्यूयॉर्कच्या ट्विलो क्लबमध्ये साशा आणि डिगवीड महिन्यातून एका शुक्रवारी रात्रभर वाजवायचे. २००१ मध्ये क्लब बंद पडला, पण त्या रात्रींची फिरत राहिलेली ध्वनिमुद्रणं ऐका. ध्वनीची प्रत यथातथाच, मागे लोकांचा गलका, आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे पट्टे ज्यात फक्त ताल दाटत जातो. आज एवढा वेळ कुणी घेत नाही. घेऊ देतही नाहीत म्हणा.

चांगला मिक्स कसा ओळखायचा, याची माझी कसोटी साधी आहे. एका सलग ऐकण्यानंतर शेवटची दहा मिनिटं आठवा आणि मग पुन्हा सुरुवात लावा. दोन्हींत अंतर किती आहे? अंतर जास्त असेल आणि मधे कुठे धक्का बसल्याचं आठवत नसेल, तर तो डीजे कामाचा आहे. अंतरच नसेल तर त्याने तासभर ट्रॅक नुसते शेजारी-शेजारी ठेवले. अंतर आहे पण सांधे खडखडताना आठवतायत, तर त्याच्याकडे ट्रॅक आहेत, अजून हात बसलेला नाही. हा हात बसतो. ट्रॅकची जाण सहसा येत नाही.

मधला एखादा ट्रॅक नावानिशी लक्षात राहिला तर ते चांगलं की वाईट, यावर माझं आणि माझ्या डीजे मित्रांचं एकमत नाही. मला वाटतं एखाद-दुसरा राहावा. सगळेच राहिले तर तो संग्रह झाला. आणि ऐकताना दर पाच मिनिटांनी फोन उंचावून ट्रॅक ओळखायचा खटाटोप करू नका. अर्ध्या गोष्टी अप्रकाशित असतात, ट्रॅकलिस्टमध्ये नुसतं ‘आयडी’ (म्हणजे नाव अजून जाहीर नाही) लिहिलेलं असतं. त्या सहा-आठ महिन्यांनी आपसूक बाहेर येतात.

आता काय ऐकाल ते सांगतो. क्रमाने ऐकलंत तर बरं.

सुरुवात मिक्सने नको. आधी दोन सुटे ट्रॅक घ्या, जे सुटे ऐकले तरी उलगडतात: डेडमाऊसचा ‘स्ट्रोब’, २००९ चा, दहा मिनिटांहून मोठा, ज्यात बराच वेळ बीटच येत नाही, आणि एरिक प्रिड्झचा २०१५ चा ‘ओपस’, जो एकाच स्वरमालेचा वेग वाढवत नेऊन सगळं उभं करतो. दोन्ही जरा जास्तच लोकप्रिय आहेत, जुने चाहते नाक मुरडतील, मुरडू देत. हळू वाढत जाणं म्हणजे काय, हे कानाला शिकवायला यांच्याइतकं सोपं दुसरं काही मला माहीत नाही.

मग साशा आणि डिगवीडचं ‘नॉर्दर्न एक्सपोजर’, १९९६. आजही माझ्या मते या प्रकारातली सर्वांत नेटकी जोडणी इथे आहे. तिची सुरुवात इतकी संथ आहे की आज कुणी तसं करायला धजणार नाही. त्यानंतर ‘ग्लोबल अंडरग्राउंड’ या मालिकेतलं साशाचं सॅन फ्रान्सिस्को, १९९८. या मालिकेत प्रत्येक मिक्सला एका शहराचं नाव असायचं, पण सीडीवरचा मिक्स बहुतेक वेळा त्या रात्रीचा जसाच्या तसा नसे, नंतर स्टुडिओत बसून बांधलेला असे. यावरून पूर्वी वाद व्हायचे. मला त्यात फसवणूक वाटत नाही. सीडी घरी ऐकायची असते, तिचा हिशेब वेगळाच हवा. त्याच्या पुढच्या वर्षीचं इबिझा जास्त नावाजलं जातं. मला ते थोडं जास्त गोड वाटतं.

ओकेनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ही ऐका. बीबीसी रेडिओ १ च्या ‘इसेन्शियल मिक्स’ या दोन तासांच्या कार्यक्रमात तो डिसेंबर १९९४ मध्ये प्रसारित झाला. काटेकोरपणे बघितलं तर तो प्रोग्रेसिव्ह नव्हेच, ट्रान्स आहे. पण चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे ट्रॅकच्या मधे पेरून दोन तास गोष्ट सांगितल्यासारखे बांधता येतात, हे त्याने रेडिओवर दाखवून दिलं, आणि पुढच्या पिढीच्या डीजेंनी तो अक्षरशः पाठ केला.

मग जेम्स होल्डनचा ‘बॅलन्स ००५’, २००३. तोवर प्रोग्रेसिव्ह अंधारलेल्या, ढोलांनी भरलेल्या, स्वतःला फारच गंभीरपणे घेणाऱ्या वळणावर जाऊन अडकलं होतं. होल्डनने खिडक्या उघडल्या. आवाज ओबडधोबड, सुरावटी किंचित वाकड्या, आणि तरी सगळं वाहतं. त्यानंतर साशाचं ‘इन्व्हॉल्व्हर’, २००४. यात त्याने इतरांचे ट्रॅक निवडले आणि प्रत्येक स्वतः पुन्हा बांधून मग जोडले, म्हणजे डीजे आणि निर्माता यांच्यातली भिंतच काढून टाकली. मी सर्वाधिक वेळा ऐकलेला मिक्स बहुधा हाच.

मग एकदम पुढे या. कात्तानेओचा ‘बॅलन्स ०२६’, २०१४. आणि डिगवीडचं ‘लाइव्ह इन माँट्रियल’, २०१६, जे तिथल्या स्टिरिओ क्लबमधल्या एका प्रदीर्घ सेटवरून आलं आहे आणि अनेक सीडींमध्ये पसरलं आहे. ते एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका, पण तुकडेही उलटसुलट ऐकू नका. नव्यांमध्ये गाय जे ऐका, त्याचे स्वतःचे ट्रॅक आणि त्याचे सेट दोन्ही. लेन ८ दर ऋतूला एक लांब मिक्स काढतो. तो हलका, सुरेल आणि नवख्याला आत घ्यायला उत्तम आहे. मला तासाभराने त्यात साखर जास्त होते, पण ही तक्रार फार ऐकून झालेल्या माणसाची आहे.

ऐकताना पुढे ढकलू नका, एवढी एकच अट पाळा. काम करताना मागे चालू ठेवलात तरी चालेल, उलट पहिल्यांदा तसंच बरं. फक्त मधूनच वीस मिनिटं उडवून ‘आता कुठे पोचलं’ हे बघू नका. आणि ‘नॉर्दर्न एक्सपोजर’, ‘इन्व्हॉल्व्हर’ आणि ‘बॅलन्स ०२६’ हे तीन नीट ऐकूनही सगळं सारखंच वाटलं, तर मला तसं कळवा. मग मी तुम्हाला टेक्नोची यादी देईन.